शिराईची पाठवणी

१

शुक्रवारी दुपारी शिराई खोटी निघाली.

विद्यापीठाच्या प्राचीन भाषा विभागात चैत्रालीची एम.ए.ची तोंडी परीक्षा चालली होती. बाहेरगावाहून आलेल्या परीक्षक बाईंनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला, आतलं भाजक्या मातीचं मुठीएवढं डोकं बाहेर काढलं आणि भिंग डोळ्याला लावलं. मग बाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "ही भाजणी ताजी आहे. कानामागे साच्याची कडसुद्धा दिसतेय. चैत्राली, हे तुला दिलं कुणी?"

चैत्रालीने डबा स्वतःकडे ओढून आत पाहिलं. मी मागच्या बाकावर बसले होते. उठून तिच्याजवळ जावं असं फार वाटलं, पण अशा खोलीत माझ्यासारखीला उठायचा अधिकार नसतो.

मी प्रतिभा गुप्ते. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोल बघता बघता माझी नोकरी संपली. निवृत्त झाल्यावर मैत्रिणी भजनी मंडळात गेल्या आणि मी लॅटिन शिकायला गेले. घरच्यांनी यथेच्छ टिंगल केली. करू देत. अंबरनाथ पूर्वेला विष्णुपंत सरांच्या घरी शनिवारी वर्ग भरतो. सरांनी आयुष्यभर विद्यापीठात ग्रीक-लॅटिन शिकवलं. आता त्यांची नजर जवळजवळ गेली आहे, पण रूपं पाठ आहेत, आणि चुकलं की ओरडायला आवाज आहे. वर्गात तिघंच विद्यार्थी: मी, उल्हासनगरचा अनीश आणि चैत्राली. आमच्यात खरी विद्यार्थिनी ती एकटीच.

आणि शिराई तिची. म्हणजे खरं तर बारवी धरणाच्या अंगाला डोंगरात पदू आणि त्याची बायको तुळशी यांचा पाडा आहे, त्या पाड्याची. पदूच्या आजोबाला खाचराच्या बांधात बाईचं डोकं सापडलं. पाड्याने त्याला शेंदूर फासला, शिराई नाव दिलं आणि नवस बोलायला सुरुवात केली. चैत्राली कॉलेजच्या शिबिरात तिथे गेली होती. शेंदराखालून डोकावणारी केसांची वळणं पाहून ती हबकली, कारण तसली केशरचना तिने पुस्तकात पाहिली होती, समुद्रापलीकडच्या देवीच्या डोक्यावर. तुळशीच्या अक्षरशः पाया पडून तिने शिराई अभ्यासाला मागून आणली. शेंदूर उतरवल्यावर मानेवर कोरलेली ग्रीक अक्षरं निघाली: एउखे. म्हणजे नवस. कल्याणच्या बंदरात कधीकाळी उतरलेल्या कुणा परक्या खलाशाचा नवस, असं चैत्रालीने प्रबंधात मांडलं. त्या प्रबंधाच्या जोरावर परदेशातल्या विद्यापीठाने तिला पीएच.डी.साठी बोलावलं होतं, शिष्यवृत्तीसकट.

नरेंद्र सर तिचे मार्गदर्शक. ते आम्हाला व्हरांड्यात घेऊन गेले.

"मी मघाशीच त्या पदूला फोन केला. चांगला झापला. सरळसरळ उल्हासनगरचा माल चिकटवलाय तुला."

"नाही सर," चैत्राली म्हणाली. "त्यांनी दिलेली खरी होती."

"माझ्याकडे फोटो आहेत म्हणशील. फोटोत खरं-खोटं कळत नाही. सोमवारी समिती बसणार. खरी असेल तर खरी आणून दाखव." मग त्यांनी चष्मा काढून पुसला. "कारण त्यांनी दिलेली खरी असेल, तर खोटी इथे आणली कोणी? डबा तुझ्याच हातात होता."

२

मी तिला माझ्या घरी आणलं, चहा दिला आणि डबा जेवणाच्या टेबलावर मांडला. ती म्हणाली, "काकू, तुम्हीच शोधा. तुमची नजर वेगळी आहे." नोकरीत माझ्याबद्दल हेच म्हणायचे, पण त्यात कौतुक नसायचं.

डब्यात थर्माकोलचा ठोकळा होता. चैत्रालीने तो डोक्याच्या आकाराप्रमाणे स्वतः कोरला होता. मी ते डोकं त्यात ठेवलं आणि डबा हलवला. आत खुडखुड वाजलं.

"पूर्वी वाजायचं?"

"छे. इतकं घट्ट बसायचं की काढताना भीती वाटायची."

म्हणजे नवं डोकं जुन्यापेक्षा किंचित लहान होतं, पण वळण न् वळण तेच. मग मी भिंगाने केसांच्या खाचा पाहिल्या. खोल खाचांमध्ये बारीक केशरी रेघा होत्या. शेंदूर.

"हा कुठून आला? तू तर चार महिने ब्रश घेऊन बसली होतीस शेंदूर काढत."

"राहिला असेल कुठेतरी."

"अगं, हे डोकंच वेगळं आहे. याला कुणीतरी नवा शेंदूर लावलाय आणि मग धुऊन काढलाय." मी डोकं नाकाशी नेलं. वास ओळखीचा होता, पण नाव आठवेना. साबण नव्हता. आंबट, उग्र, जुन्या घरातला वास.

ठोकळ्याच्या खाचेत तांदळाचे दाणे पडले होते. मोबाइल पाण्यात पडला की लोक तांदळात ठेवतात, तसं दमटपणासाठी असेल असं मला वाटलं.

"तांदूळ तू टाकलेस?"

"नाही. मी सिलिका जेलच्या पुड्या ठेवते. या बघा."

पुड्या होत्याच. मग मी सरळ विचारलं, "आज डबा नेताना उघडून पाहिलास?"

"नाही. आठवडाभर प्रबंधाच्या छपाईत होते. विष्णुपंत सरांच्या कपाटातून सकाळी डबा उचलला आणि निघाले."

"त्याआधी कोण कोण आलं होतं सरांकडे?"

"अनीश येतोच. आणि... मंगळवारी तुळशी आली होती."

"कशाला?"

चैत्रालीने कप उचलला. कप रिकामा होता, तरी तिने तो तोंडाला लावला. "करवंदं द्यायला," ती म्हणाली.

माझी खात्री पटली की ही पोरगी ज्या चोराला शोधायला मला सांगते आहे, त्याच्याबद्दल तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

३

शनिवारी सकाळी मी सरांकडे गेले. वर्ग रद्द झाला होता, तरी सर खिडकीपाशी आपल्या खुर्चीत बसले होते. माई, म्हणजे सरांची बायको, स्वयंपाकघरात होती. "बस गं प्रतिभा, आलेच," तिने आतून हाक दिली.

सरांना मी सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा पडला, पण आश्चर्य काही दिसलं नाही.

"सर, डबा तुमच्या कपाटात असायचा. तुम्हाला काही जाणवलं?"

"मी रोज सकाळी तिला हातात घेतो. डोळ्यांना दिसत नाही, म्हणून बोटांनी वाचतो. एप्सिलॉन, मग युप्सिलॉन. माझ्या आयुष्यात स्वतः हात लावून वाचलेला हा एकच ग्रीक लेख आहे, प्रतिभाबाई. बाकी सगळं छापील." ते जरा थांबले. "बुधवारी अक्षरं लागेनात."

"म्हणजे?"

"बोथट झाली. जिथे कड लागायची तिथे गुळगुळीत. मी माईला म्हटलं. ती म्हणाली, अहो, वय झालं तुमचं, बोटांतली जाणीव जाते या वयात. खरंच असेल म्हटलं. डोळे गेले, आता बोटंही. त्यानंतर मी डबा उघडलाच नाही."

ते हे अगदी साधेपणाने बोलले. म्हणजे अदलाबदल मंगळवारी झाली होती. मंगळवारी सकाळी अक्षरं लागत होती आणि बुधवारी लागत नव्हती. या घरात त्या दिवशी एकच पाहुणी आली होती.

माई चहा घेऊन आली. ती नेहमी भरभर बोलते, आज गप्प होती.

"माई, मंगळवारी तुळशी आली तेव्हा आत आली होती का? कपाटापर्यंत?"

"नाही गं. दारातच बसली बिचारी. कितीदा म्हटलं आत ये, पण पाय मळलेत म्हणाली. करवंदं दिली, पाणी प्यायली आणि गेली."

"तेवढ्यासाठी बारवीहून आली?"

माई उठून पातेलं बघायला आत गेली. मीही कप ठेवायला मागोमाग गेले. ओट्यावर नेहमीसारखा पसारा होता: करवंदांचं लोणचं मुरत घातलेलं, देवघरातले चांदीचे देव ताटात काढलेले, एका वाडग्यात फेसाळ पाणी.

"अनीशलाच विचार जा," माई माझ्याकडे पाठ करून म्हणाली. "त्याला असल्या वस्तू बनवता येतात."

त्या घरात तोपर्यंत कुणी त्याचं नाव घेतलं नव्हतं.

४

उल्हासनगर कॅम्प पाचला अनीशच्या वडिलांचं वर्कशॉप आहे. शोपीस बनवतात: हसरे बुद्ध, पळते घोडे, हॉटेलांत ठेवायच्या पुतळ्या. शेजारी सिंधी कापडवाल्यांची दुकानं, वर पत्रा, आत भट्टीची धग. असल्या ठिकाणचा पोरगा ग्रीक का शिकतो असं मी त्याला एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, "काकू, दिवसभर त्यांच्या देवांच्या कॉप्या बनवतो, म्हटलं ओरिजिनल लोक कोण होते बघू तरी."

मला पाहून तो उठला. "काकू, चैत्रालीचा फोन उचलला नाही मी. सच्ची सांगतो, हिंमतच नाही झाली."

"साचा तू काढलास?"

"हां. सिलिकॉनचा. सर दुपारी झोपले होते तेव्हा तिथेच काढला. ओरिजिनलला खरचटलं पण नाही. मग मातीचा एकच पीस दाबला आणि भाजला."

"लहान झालाय तो."

"ते होणारच. भाजली की माती बसते. पप्पा बोलतात, कस्टमरको किधर पता चलता है." तो हसायला गेला, पण हसू आलं नाही.

"विकलीस का खरी? कुणा जुन्या वस्तूंच्या दलालाला?"

"काकू! काहीपण काय?" त्याचे डोळे भरून आले. मोठा धट्टाकट्टा पोरगा, हाताला प्लास्टर लागलेलं, तसाच उभा राहिला. "बाजूच्या कापडवाल्या साईंचे लोक येतात ना, अँटिक अँटिक करत. त्यांना मी फोटो पण दाखवला नाही कधी."

माझा त्याच्यावर विश्वास बसला. तो निव्वळ त्याच्या चेहऱ्यामुळे बसला नव्हता. आदल्या संध्याकाळपासून केसांतल्या केशरी रेघा माझ्या डोक्यात घोळत होत्या.

"अनीश, एक सांग. मला जर परीक्षकांना फसवायचं असतं, तर मी नकली डोक्याला शेंदूर लावला असता का? परीक्षकांना शिराई स्वच्छ धुतलेलीच माहीत आहे. शेंदूर म्हणजे उलट अडचण. नकली डोक्याला शेंदूर लावायची गरज पडते ती एकाच माणसासाठी. ज्याने शिराईला कायम शेंदरात पाहिलंय, त्याच्यासाठी."

तो हाताला लागलेलं प्लास्टर खरवडू लागला.

"हा पीस कुणासाठी बनवला होता?"

भट्टीजवळच्या कामगाराने रेडिओ मोठा केला. अनीशने जाऊन तो बंद केला आणि तिथूनच, माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुळशीमावशीसाठी."

५

चैत्रालीने हे सांगायला फार वेळ घेतला नाही. जणू कुणीतरी विचारावं याचीच ती वाट बघत होती.

तुळशी वर्षभर मागत होती. आधी फोन करायची, मग स्वतः यायची. पाड्यावर तिला बोल लागत होते, देवी परक्याच्या घरात ठेवली म्हणून. एक वासरू मेलं, एका पोरीचं बाळंतपण अडलं, सगळं तुळशीच्या माथी. चैत्राली प्रत्येक वेळी म्हणायची, परीक्षा झाली की आणून देते. मग परदेशातलं पत्र आलं, आणि शिराई पुढेही लागणार हे तिला कळून चुकलं.

"मी म्हटलं, त्यांना शेंदूर लावलेली मूर्तीच हवी आहे. तीच आहे की दुसरी, त्यांना काय फरक पडतो? पूजा तर तशीच होईल." तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "काकू, मी दोन वर्षं त्या खलाशाच्या नवसावर लिहिलं. पानंच्या पानं लिहिली. आणि तुळशीच्या नवसाला म्हटलं, काय फरक पडतो."

लाल फडक्यात गुंडाळलेलं, शेंदूर फासलेलं नकली डोकं तिने सरांच्या घरी फडताळावर ठेवलं होतं. मंगळवारी तुळशी आली की माईने ते द्यायचं. खरं डोकं डब्यात, कपाटात. म्हणजे शुक्रवारी परीक्षकांसमोर खरं निघायला हवं होतं आणि तुळशीच्या देव्हाऱ्यात खोटं. झालं होतं नेमकं उलटं.

"मला वाटलं अनीशने घोळ केला," ती म्हणाली. "नाहीतर तुळशीने कपाट उघडलं."

"तुळशी दाराच्या आत आलीच नाही. आणि अनीशने चुकून अदलाबदल केली असती, तर डब्यात शेंदराने माखलेलं डोकं सापडलं असतं. इथे कुणीतरी बसून एकाचा शेंदूर धुतलाय आणि दुसऱ्याला लावलाय. निवांत. घरच्या माणसाच्या निवांतपणाने."

बोलता बोलताच मला वासाचं नाव आठवलं. रिठा. भिजवलेल्या रिठ्याचं फेसाळ पाणी. आणि शेजारी ताटात काढून ठेवलेले चांदीचे देव.

तांदळाचंही तेव्हाच लक्षात आलं आणि माझी मलाच लाज वाटली. मराठी घरात वाढलेली बाई मी, आणि देवीच्या जागेत तांदूळ दिसले तर मला मोबाइल आठवला.

"ऊठ," मी चैत्रालीला म्हटलं. "माईकडे जायचंय."

६

माई देवघरासमोर बसली होती. आम्ही दोघी दारात उभ्या राहिल्यावर तिने मान वर केली आणि विचारलंसुद्धा नाही का आलात म्हणून.

"माई, तू तिची ओटी भरलीस ना?"

"भरली," माई म्हणाली. "घरातून देवी निघाली, तशीच कशी पाठवणार? खण, नारळ, तांदूळ. गौरीसुद्धा आपण तशी धाडत नाही."

"आणि नकलीची भरवेना."

"बाल्कनीत तू आणि अनीश बोलत होतात गं," ती चैत्रालीला म्हणाली. राग नव्हता आवाजात. "मी ऐकलं. मंगळवारी ती आली, दारात बसली. मी फडताळावरची पुडी घेतली, ओटीचं ताट घेतलं आणि हातच उचलेना. ती पोर इतक्या लांबून आली आपल्या आईला न्यायला, आणि मी तिच्या पदरात शोपीस घालू? त्यालाच ओवाळू? मग तिला म्हटलं, बस, पाणी पी. आत जाऊन डब्यातली काढली. तिला मारुतीचा शेंदूर लावला, जागच्या जागीच ओटी भरली आणि दिली. दुसरी रिठ्याने धुऊन डब्यात ठेवली."

"पण मला सांगायचंत ना, माई!" चैत्राली ओरडलीच. "एका शब्दाने सांगायचंत! माझी परीक्षा होती शुक्रवारी!"

"मला कुठे ठाऊक, डबा परीक्षेला न्यायचा असतो ते? मला वाटलं, तुझं लिहून झालं, फोटो काढून झाले, पुस्तक छापायला गेलं. आता ती नुसती कपाटात राहणार. अभ्यासालाच हवी होती ना तुला? अभ्यासाला दोन्ही सारख्याच दिसतात की. पूजेला नाही चालत." माईचा आवाज चिरकला. "आणि सांगितलं असतं तर तू तिच्यामागे धावत जाऊन परत आणली असतीस. म्हणून नाही सांगितलं. ते कबूल करते."

ज्या वाक्याने चैत्रालीने तुळशीला फसवायचं ठरवलं, तेच वाक्य माईने उलटं करून तिच्या पदरात टाकलं होतं. तेसुद्धा मुद्दाम नव्हे, अगदी मनापासून.

मागे काठीचा आवाज झाला. सर स्वयंपाकघराच्या चौकटीला धरून उभे होते. केव्हापासून, कोण जाणे.

"म्हणजे बुधवारी मला बरोबर लागलं होतं," ते म्हणाले.

माईने तोंडाला पदर लावला. "अहो, मला दुसरं काही सुचेना. तुम्ही एकदम ओळखलंत. मी घाबरले."

"माझी बोटं शाबूत आहेत," सर म्हणाले. हे ते तिला सांगत नव्हते. उजव्या हाताची बोटं ते डाव्या तळव्यावरून पुन्हा पुन्हा फिरवत होते. माई रडायला लागली आणि त्यांना ती कुठे बसली आहे ते नीट दिसेना, म्हणून ते तसेच उभे राहिले.

कोडं सुटलं होतं. नोकरीत असते तर अहवाल लिहून, सही करून मी घरी गेले असते.

७

"दोन दिवसांपुरती मागू या," चैत्राली म्हणाली. "मी पाया पडेन. सगळं खरं सांगेन."

बदलापूर गाव मागे टाकून आमची रिक्षा बारवीच्या रस्त्याला लागली, तेव्हा मी मनातल्या मनात सगळ्या बाजूंनी विचार करून पाहत होते. समितीला घडलं ते सांगायचं, तर समिती म्हणणार मूळ मूर्ती आणा. मूळ मूर्ती खरी ठरली, तर ती इतकी जुनी की सरकारजमा होणार. पदूला विचारतील, इतकी वर्षं कळवलं का नाही. म्हणजे चैत्राली सुटायची तर शिराई कायमची जायची. आणि गप्प बसायचं तर चैत्राली बुडणार. कुठूनही हिशेब केला तरी कुणीतरी बुडतच होतं.

रविवारची सकाळ होती, पण ऊन दुपारचं. पेरणीआधी पालापाचोळ्याचा राब भाजून खाचरं काळी पडली होती. पाड्याच्या तोंडाशी तुळशी उभी होती. तिच्यामागे बांधाजवळ विटांची नवी घुमटी दिसत होती.

चैत्राली चालता चालता थांबली.

शिराई घुमटीत बसवली होती. बसवली म्हणजे सिमेंटमध्ये, हनुवटीपर्यंत. वर केशरी ऑइलपेंट, दोनदा लावलेला, चकचकीत. डोळ्यांना काळा रंग, कपाळाला कुंकू. केसांची ती वळणं रंगाखाली बुजून गेली होती, आणि मान, अक्षरांसकट, सिमेंटच्या आत. माईने दिलेला खण घडी घालून पुढे ठेवला होता.

"पदूने घरकुलाचं सिमेट उरलेलं, ते घातलं," तुळशी म्हणाली. "पाड्यानं सांगितलं, आता आईला कुठं धाडायची नाय. कवा हलायची नाय अशी बसवा."

"काढता येईल?" चैत्रालीने विचारलं. ते तिने तुळशीला नव्हे, मला विचारलं होतं.

मी सिमेंटवर हात ठेवला. भाजकी माती, त्यातून दोन हजार वर्षांची. "छिन्नी लावली तर तुकडे होतील," मी म्हटलं.

तिचा फोन वाजला. नरेंद्र सर. रेंज धड नव्हती, त्यामुळे ते मोठ्याने बोलत होते आणि मला सगळं ऐकू येत होतं. उद्याच्या बैठकीची वेळ ठरली. तिच्याकडे दाखवण्यासारखं काही आहे का? मूर्ती, साक्षीदार, काहीही? नसेल तर प्रबंध मागे घेतला जाईल आणि परदेशात तसं कळवावं लागेल.

चैत्राली शिराईकडे बघत होती. ती समोर होती, हाताच्या अंतरावर. चैत्रालीने एक शब्द उच्चारला असता तर उद्या इथे सरकारी जीप आली असती.

"नाही सर," ती म्हणाली. "माझ्याकडे काहीच नाही."

तिने फोन ठेवला. मी तिच्या खांद्यावर हात टाकला, पण तिला तो जाणवला असेल असं वाटत नाही.

एवढ्यात पदू झोपडीतून बाहेर आला, पण जवळ आला नाही. कुडाला टेकून उभा राहिला. तुळशीने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि मग चैत्रालीचा हात धरला.

"बाय, एक इचारू? राग मानू नको. परवा तुमच्या सायबाचा फोन आलता. नकली मूर्ती दिली म्हनून लई बोल्ला याला. तवापासून हा म्हनतो, आईच बदलली. त्या पोरीनं आपल्याला दुसरीच दिली. पाड्यात बी कुजबूज हाय. नवस बोलाया कोन येत नाय." तिने हात अजून घट्ट धरला. "मी सांगते सगळ्यांना, ती बाय तशी नाय. पन मी अडाणी. तू शिकलेली हायस. तू बघ आन् सांग. हीच ना आमची?"

चैत्राली घुमटीसमोर खाली बसली. बघण्यासारखं काही उरलं नव्हतं, सगळा रंगच. तरी तिने तुळशीच्या समाधानासाठी वाकून नीट पाहिलं. भिंग काढलं, कपाळाजवळ धरलं, कानामागे धरलं. पदू कुडापासून दोन पावलं पुढे आला.

"हीच आहे, मावशी," ती म्हणाली. "खरी आहे. जुनी, तुमचीच."

"नक्की ना गं?"

"नक्की."

तुळशी वळली आणि पाड्याकडे तोंड करून मोठ्याने ओरडली की बायनं बघितलं, हीच हाय. पदूने डोक्यावरचं फडकं काढलं आणि घुमटीपाशी येऊन हात जोडले. झोपड्यांमधून एकेक बाई बाहेर यायला लागली.

चैत्राली अजून तिथेच बसली होती, हातात भिंग घेऊन. तुळशीने तिच्या ओंजळीत करवंदं घातली आणि म्हणाली, "उन्हातून आलीस. खा."